गंधकाने धरलेला चेहरा

गल्लीत त्यांना सगळे हायपोबाई म्हणतात. नाव नवऱ्याच्या मित्रांनी चिडवायला ठेवलं होतं. बाई चिडल्या नाहीत, उलट हाकेला ओ द्यायला लागल्या, तशी चिडवणाऱ्यांची मजा गेली आणि नाव राहिलं. फोटोचा कागद पक्का करायचं जे द्रावण असतं, ते हायपो. त्याचा आंबूस, किंचित गंधकाचा वास कपड्यांना लागतो आणि साबणाला दाद देत नाही.

स्टुडिओ सासऱ्यांचा. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि दोन दिवे, सगळ्यात मागे न्हाणीघराएवढी डार्करूम. गादी मुलाने चालवायची असं ठरलेलं होतं, पण डेव्हलपरमध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, बोटं बुडवली की त्याच्या हातांवर चट्टे उठत आणि रात्रभर आग होई. सून रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेली. सासऱ्यांनी तिच्या हातात चिमटा दिला आणि म्हणाले, "डिग्री बाहेर ठेव आणि आत ये."

डिग्री बाहेर राहिली नाही. हायपोबाईंना पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडत आला आहे: कोण कोणाला धरून ठेवतं, आणि कशाने सोडतं? फोटोच्या कागदात चांदी असते, ब्रोमीनला बांधलेली. म्हणून जुने लोक त्या कागदाला ब्रोमाइड म्हणतात. ब्रोमीनच्या घराण्यात फ्लोरीन, क्लोरीन आणि आयोडीन ही बाकीची भावंडं. प्रत्येकाच्या बाहेरच्या कवचात एका इलेक्ट्रॉनची जागा रिकामी, आणि ती भरायची प्रत्येकाला घाई.

"घाई सगळ्यांना सारखी नाही," बाई सांगतात. "फ्लोरीन सगळ्यात हावरट. त्याला बाटलीत ठेवायची सोय नाही, तो काचेच्याच मागे लागतो. आयोडीन निवांत. मिळालं तर घेईल, कोणी काढून घेतलं तर फार कुरकुर करणार नाही. क्लोरीन आणि ब्रोमीन मधले. फोटोग्राफी या मधल्यांवर उभी राहिली."

चांदीने ब्रोमीनला आपला एक इलेक्ट्रॉन दिलेला असतो. कागदावर उजेड पडला की तो इलेक्ट्रॉन सुटतो आणि चांदीकडे परत येतो. जिथे उजेड जास्त तिथे मोकळ्या चांदीचे कण जास्त, आणि इतके बारीक कण चकाकत नाहीत, काळे दिसतात. फोटोतला काळा रंग म्हणजे चांदी, हे ऐकून गिऱ्हाइकं काउंटरवरच्या आपल्या आजोबांकडे नव्या नजरेने बघतात.

हल्ली धंदा पुढच्या काउंटरवर चालतो. नवरा ओळखपत्रांचे फोटो काढतो, मशीन छापतं. मागे बाई पिवळे पडलेले जुने फोटो घेऊन बसतात. नेगेटिव्ह विचारायची सोय नाही. सासऱ्यांनी त्या कधीच चांदी काढणाऱ्याला विकून टाकल्या.

बेकरीवाला आला तो असाच एक फोटो घेऊन. सोबत त्याची धाकटी बहीण, लॉन्ड्री चालवणारी. दोघं पन्नाशीच्या पुढची. त्याने पिशवीतून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढून काउंटरवर ठेवला. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात सासऱ्यांच्या वेळचा याच स्टुडिओचा शिक्का होता. फोटोचा रंग पाणी घातलेल्या चहासारखा. एक खुर्ची कळत होती, खुर्चीच्या हातावर हात ठेवून उभा असलेला मुलगा कळत होता. खुर्चीतल्या बाईच्या मांडीवर बाळ होतं. बाईच्या चेहऱ्याच्या जागी फिकट पिवळा डाग होता.

"हा मी," बेकरीवाला मुलावर बोट ठेवून म्हणाला. "आणि मांडीवरचं गाठोडं ही."

"गाठोडं काय म्हणतोस?"

"मग तेव्हा काय होतीस? रडणारं गाठोडं." मग तो बाईंकडे वळला. "आई पुढच्याच वर्षी गेली. हिला काही आठवत नाही. आईचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. मावशी, मामा, सगळे सांगायचे, ही आईवर गेली. आता सांगणारेही राहिले नाहीत. मी एकटा उरलोय चेहरा बघितलेला, आणि खरं सांगू? अलीकडे मलाही नीट आठवेनासा झालाय."

बहिणीने पर्समधून आणखी दोन कागद काढून फोटोशेजारी मांडले. कॉम्प्युटरवर दुरुस्त करून घेतलेली ती दोन चित्रं होती, दोन दुकानांतून. एकातली बाई लांब चेहऱ्याची, हसरी. दुसऱ्यातली गोल चेहऱ्याची, जिवणी घट्ट मिटलेली. दोघींचे डोळे टपोरे आणि चकचकीत.

"यातली तुमची आई कुठली?" बाईंनी विचारलं.

"एकही नाही," बेकरीवाला म्हणाला.

"मग कशी होती सांग ना," बहीण म्हणाली. "किती वेळा विचारलं."

"सांगता येत नाही गं. समोर आली तर ओळखीन."

यंत्राने डागाच्या जागी आपल्याजवळचा चेहरा बसवला होता, हे उघड होतं. बाईंनी फोटो ठेवून घेतला आणि आधी साधा उपाय केला. निळ्या उजेडात पिवळं गडद दिसतं, म्हणून निळी काच लावून त्याची कॉपी काढली. कपड्यांच्या चुण्या आल्या, बाळाच्या टोपीची नाडी आली. चेहऱ्यावर नाक कुठे आहे एवढं कळलं, पुढे काही नाही.

दुसऱ्यांदा दोघं आली तेव्हा बाईंनी त्यांना पडद्यामागे बोलावलं आणि कागदाला काय झालंय ते सांगितलं. फोटो पक्का केल्यावर त्यातला हायपो पाण्याने पूर्ण काढावा लागतो. इथे तो निघालेला नव्हता. हायपोमध्ये गंधक असतो. कागदात राहिलेल्या हायपोतला गंधक वर्षानुवर्षं सुटत राहिला आणि त्याने चांदीचे कण धरले. काळी चांदी पिवळी झाली.

"म्हणजे चांदी गेली?" बेकरीवाल्याने विचारलं.

"बहुतेक सगळी तिथल्या तिथे आहे. नुसती गंधकाच्या ताब्यात आहे. गंधकाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून एक गंधक दोन चांद्या धरून बसतो. त्याची पकड ब्रोमीनसारखी नाही. उजेडाने सुटत नाही, पाण्याने सुटत नाही."

"मग कशाने सुटते?"

"क्लोरीनने. फोटो ब्लीच करायचा."

लॉन्ड्रीवाली स्टुलावरून उठली. "दादा, चल."

"अगं, ऐकून तरी घे."

"काय ऐकायचं? आयुष्य ब्लीचमध्ये गेलं माझं. ब्लीचमध्ये गेलेला रंग परत आलेला मला कोणी दाखवावा. एका नवरदेवाचा निळा कोट मी असाच पांढरा करून बसले होते, त्याच्या आईने अख्ख्या गल्लीला ऐकवलं. कोट नवा शिवता येतो. हे काय शिवता येणारेय?"

"बरोबर आहे तुमचं," हायपोबाई म्हणाल्या. "कपड्याचा रंग म्हणजे मोठाले रेणू. क्लोरीन त्यांना तोडतो. तुकडे धुऊन जातात, ते परत कोण जोडणार? इथे मात्र तोडायला काही नाही. चांदी मुळातच एकेकटी. क्लोरीन गंधकाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, गंधक चांदीला सोडतो, आणि क्लोरीन स्वतः चांदीला धरून जागच्या जागी बसतो. क्लोरीनने धरलेल्या चांदीला डेव्हलपर सोडवू शकतो."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात फोटो दिसणार नाही. क्लोरीनने धरलेली चांदी पांढरी असते. पांढऱ्यावर पांढरं."

"म्हणजे पुसणार."

"दिसायचा बंद होणार."

"माझ्या दुकानात याला पुसणं म्हणतात," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

पुढून नवऱ्याने पडद्यातून डोकं घातलं. "वहिनी, घाबरू नका. हिने माझे लग्नाचे फोटोसुद्धा असेच पांढरे केले होते. परत आले. मी म्हटलं होतं, माझा तेवढा राहू दे पांढरा."

कोणी हसलं नाही. तो डोकं घेऊन परत गेला.

बाईंनी धोकाही लपवला नाही. कागदात जुना हायपो थोडा जरी शिल्लक असला, तर क्लोरीनने धरलेली चांदी तो विरघळवून पाण्यात नेतो. पक्कं करताना त्याचं कामच ते. तसं झालं तर डेव्हलपरला सोडवायला काही उरणार नाही, आणि पिवळा डागही हाती राहणार नाही. शिवाय चांदी ज्यात बसलेली असते तो कागदावरचा थर इतक्या वर्षांचा. ओला झाल्यावर सुटू शकतो. तो घट्ट करायचं औषध आधी देता येतं, पण हमी देता येत नाही. बाईंनी असे बरेच फोटो परत आणलेत आणि दोन कायमचे घालवलेत. तेही त्यांनी सांगितलं.

भाऊ-बहिणीचं बोलणं तिथेच, दिव्यांच्या मध्ये उभ्याने झालं.

"आहे तेवढं राहू दे, दादा. नाक तरी आहे."

"नाकाचं काय करणारेस? हा डागही फिका होत चाललाय. मागच्या वर्षी भुवई होती. मी रोज बघतो, मला माहितेय."

"आणि गेलं तर?"

"गेलं तर मी आहे ना, ओळखणारा."

"तुला तरी कुठे आठवतंय!"

बहिणीने कॉम्प्युटरच्या दोन्ही बायांकडे बघितलं, कागद मध्यभागी दुमडले आणि पर्समध्ये टाकले. "करा," ती म्हणाली. "पण मी समोर उभी राहणार."

"राहा. डार्करूम लागत नाही याला. खिडकीत करायचंय."

ठरल्या सकाळी खिडकीखाली चार ट्रे मांडले होते. फोटो आदल्या दिवशीच भिजवून पुठ्ठ्यापासून वेगळा केलेला, कारण पुठ्ठ्यात हायपो दडून बसतो. थर घट्ट करायचं औषधही देऊन झालं होतं. आता कागद पाण्यात होता. बेकरीवाल्याने बाईंच्या सांगण्यावरून चिमूटभर मैदा आणला होता.

"हा कशाला?" त्याने विचारलं. "फोटोचा केक करताय की काय?"

बाईंनी मैदा पाण्यात उकळून गार केला, थोडा पेल्यात ओतला आणि त्यात जखमेला लावायच्या आयोडीनचा थेंब टाकला. पाणी गडद निळं झालं. मग फोटोच्या ट्रेमधलं पाणी त्यात थोडंसं ओतलं. निळा रंग क्षणभर राहिला आणि विरून गेला.

"अजून हायपो आहे," बाई म्हणाल्या. "आयोडीनला एक इलेक्ट्रॉन हवा असतो, हायपोकडे द्यायला असतो. आयोडीनला मिळाला की त्याचा रंग जातो. आयोडीन फार हावरट नाही म्हणून हे काम त्याला सांगायचं. क्लोरीनला सांगितलं तर तो मैद्यालासुद्धा सोडणार नाही."

त्यांनी पाणी बदललं. कागद उलटा केला, सुलटा केला, ट्रे हलवत राहिल्या. पुन्हा निळं पाणी केलं, पुन्हा रंग गेला, या वेळी सावकाश. लॉन्ड्रीवाली आता ट्रेकडे न बघता पेल्याकडे बघत होती. "माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "धुण्यातलं मला कळतं." तिने बाह्या सरसावल्या आणि कागद असा खेळवायला घेतला की पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी सारखं वाहत राहील. बाईंनी चिमटा खाली ठेवला. पाणी आणखी कितीदा तरी बदललं. शेवटी एका पेल्यातला निळा रंग निळाच राहिला. पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बाईंनी नवऱ्याला एक गिऱ्हाईक उरकू दिलं आणि मग परत बघितलं. निळाच.

मग त्यांनी खिडकी पूर्ण उघडली. जांभळ्या परमँगनेटच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड मोजून घातलं. लॉन्ड्रीवालीने नाक वर केलं.

"हा माझ्या दुकानातला वास."

"तुमच्या दुकानात आला तर पळत बाहेर जायचं. ब्लीचमध्ये ॲसिड पडलं तरच तो असा येतो."

"ते मी भिंतीवर लिहूनच ठेवलंय. आणि तुम्ही मुद्दाम करताय."

"थोडासाच क्लोरीन, आणि वाऱ्यात. तो लगेच कामाला लागतो, हिंडायला फारसा उरत नाही."

कागद आत गेला. आधी खुर्ची गेली, मग मुलगा. बाळाची टोपी जाताना दिसलीच नाही, ती मुळातच फिकट होती. डागाची कड काही क्षण टिकली आणि मग सगळ्या कागदावर जांभळ्यातून उतरलेला तपकिरी रंग पसरला. बाईंनी तो दुसऱ्या ट्रेमध्ये साफ केला, धुतला आणि काचेवर पसरला. कोरा, पांढरा, ओला कागद.

लॉन्ड्रीवाली स्टुलावर बसली. "गेला," ती म्हणाली. बेकरीवाला तिच्यामागे उभा होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिने तो झटकला.

"खिडकीकडे बघा, माझ्याकडे नको," बाई म्हणाल्या आणि काच उन्हात धरली. थोड्या वेळाने पांढऱ्यावर जांभळट छटा चढली. जिथे चांदी होती तिथेच ती चढते. खुर्चीची पाठ आली, अंधूक, उन्हाने काढलेली.

"आहे," बेकरीवाला म्हणाला. "अगं, आहे बघ!"

"खुर्ची आहे," बहीण म्हणाली. "खुर्ची काय करायचीय?"

मग डेव्हलपर. भर उजेडात, झाकलं-पाकलं काही नाही. मुलाची पाटलोण काळी झाली, खुर्चीचे पाय काळे झाले, मुलाचा भांग दिसला. बेकरीवाल्याला आपल्या पायातले बूट ओळखू आले, एकाचं बक्कल तुटलेलं. चेहरा सगळ्यांच्या मागून आला. आधी केस आणि कानाची पाळी, मग हनुवटीखालची सावली. नाक. लांबट जिवणी, एका बाजूला किंचित वर. मग भुवया.

"हीच," बेकरीवाला म्हणाला. "हीच हीच. हे तोंड. काहीतरी बोलणार असायची आणि थांबायची."

बहीण ट्रेवर वाकली होती. "डोळे येतायत का अजून?"

बाईंनी कागद आणखी थोडा आत ठेवला. काळं आणखी काळं झालं. भुवयांखाली दोन बारीक वक्र रेघा होत्या, आणि त्यांच्या वर पापण्यांचे नितळ, राखाडी गोल. डोळे मिटलेले होते.

नवरा पडद्यातून आला होता, त्यानेही बघितलं. "अरे, हा तर वरचा," तो म्हणाला आणि जीभ चावली.

"वरचा म्हणजे?" बहिणीने विचारलं.

सांगणं बाईंवर आलं. सासरे कुटुंबाच्या फोटोला नेहमी दोनदा बटण दाबायचे, कोणाचे तरी डोळे मिटतात म्हणून. दोन्ही छापायचे. चांगला असेल तो नळाखाली भरपूर धुवायचे. बिघडलेला फेकायचा त्यांना जिवावर यायचं. तो एका पाण्यातून काढून वाळवायचे, पुठ्ठ्यावर डकवायचे आणि गिऱ्हाइकाला वर म्हणून फुकट द्यायचे. मुलांना खेळायला. त्या फोटोवर पाणी कोण घालवणार?

"म्हणजे डोळे मिटले म्हणून धुतला नाही," लॉन्ड्रीवाली सावकाश म्हणाली, "आणि धुतला नाही म्हणून चेहरा गेला."

"असंच दिसतंय."

ती पुन्हा वाकली. बराच वेळ बघत राहिली आणि एकदम हसली. "ओळखपत्राच्या वेळी तुमच्या यजमानांनी मला कितीदा बसवलं, विचारा."

"चार वेळा," नवरा म्हणाला. "बटण दाबलं की डोळे बंद. शेवटी न सांगता दाबलं."

"बघ, दादा. आईवर गेली, आईवर गेली, नुसतं म्हणत होतात. कशात ते कोणी सांगितलं नाही."

बेकरीवाला मात्र फोटोकडे बघत नव्हता. तो हायपोबाईंकडे बघत होता. "दोन छापायचे म्हणालात ना?"

"हो."

"चांगला बाबांनी नेला असणार. ते तेव्हा कामाला दुसऱ्या गावी निघाले होते. त्यांच्याचसाठी तर हा काढला होता." मग बाईंना कळावं म्हणून, पण बहिणीकडे न बघता, तो म्हणाला, "आई गेल्यावर तिकडेच दुसरं लग्न केलं त्यांनी. आता तेही नाहीत. त्या घरी एक बहीण आहे आम्हाला, सावत्र. हिने कधी संबंध ठेवला नाही."

"ठेवण्यासारखं काय होतं?" बहीण म्हणाली.

बाईंनी कागद उचलून शेवटच्या पाण्यात सोडला. त्या नेहमी मोजून बोलतात आणि इथेही त्यांनी मोजूनच सांगितलं: त्या घरी फोटो आहे की नाही, कोणी टाकून दिला, ओल लागली, हे त्या सांगू शकत नाहीत. मात्र असेल तर तो काळाच असेल. सासरे चांगल्या फोटोच्या धुण्यात हात आखडत नसत. धुतलेल्या कागदातली चांदी धरायला कोणी नसतं.

लॉन्ड्रीवालीने हात पुसले. बाह्या खाली केल्या, बटणं लावली. तिने एकदा पाण्यातल्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

"नंबर आहे का तुझ्याकडे तिचा?"

"आहे," भाऊ म्हणाला. "तूच कधी मागितला नाहीस."

"आता मागतेय ना. लाव. आणि आधी तू बोल, मला तिला काय म्हणायचं तेही माहीत नाही."

तो फोन घेऊन पुढच्या काउंटरपाशी गेला, ती त्याच्या मागोमाग. हायपोबाईंनी पाणी बदललं आणि आयोडीनच्या बाटलीचं झाकण उघडलं. पडद्यापलीकडे फोनची घंटी वाजत होती, आणि नवरा एका गिऱ्हाइकाला हळू आवाजात थांबायला सांगत होता.